रे. स्टीफन हिस्लॉप व नागपुराकडील दगड

मागील पावसाळा सरल्यावर नवी मुंबईतील तुर्भ्याच्या डोंगराखालच्या एका वस्तीतून एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आम्हांकडे आले. ह्या गृहस्थांचे सारे आयुष्य दगडखाणीत घण मारण्यात गेलेले. मुलाने फडक्याची गाठ सोडून सुपारीएवढा एक हिरवा खडा आमच्यापुढे ठेविला. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत तो त्यास सापडला होता. कोणा दलालाने तो पाचू आहे असे सांगून, परीक्षेसाठी दूरच्या शहरी पाठविण्याच्या निमित्ताने त्यांजकडे आगाऊ रक्कम मागितली होती; आणि ती उभी करण्याकरिता घरात असलेला तेवढा एक दागिना गहाण टाकावा की काय, असा विचार चालला होता. तत्पूर्वी कोणा शिकलेल्या माणसास दाखवावे, म्हणून ते आले.

आम्ही जवाहिरे नव्हे. तथापि एवढे आम्हांस ठाऊक होते की पाचू काचेवर ओरखडा काढतो आणि साध्या चाकूने तो स्वतः कोरला जात नाही. आम्ही त्या खड्यावर चाकूचे टोक फिरविले तो पांढुरकी रेघ उमटली व थोडी पूड निघाली. त्या पुडीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकिले तो बारीक बुडबुडे येऊ लागले. म्हणजे तो पाचू नव्हे. चुन्याचाच स्फटिक, काही हिरव्या मातीच्या कणांनी रंगलेला. हे ऐकून ते गृहस्थ पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय चालले असेल हे आम्ही समजलो, आणि खरे सांगण्यात आपण निष्ठुर झालो की काय अशी शंका आम्हांस आली. मग काही तरी बोलावे म्हणून आम्ही त्या मुलास म्हणालो की अशाच एका हिरव्या दगडास पूर्वी एका पाद्रीसाहेबांचे नाव दिलेले होते. मुलगा म्हणाला, पाद्र्यांचा दगडांशी काय संबंध? त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस नीट देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहो.

ते पाद्री म्हणजे नागपूर मिशनाचे संस्थापक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. त्यांचा जन्म स्कॉटलंडातील बर्विकशायर परगण्यात डन्स ह्या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. वडील धंद्याने गवंडी असून आपल्या मंडळीत वडिलाचे काम पाहत. घरात दगड, छिन्नी व हातोडा ह्यांचा वावर जन्मापासूनचा. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हे पुढे पाळक व ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्टीफन ह्यांस लहानपणापासून किडे, झाडे, दगड असे जे जे दिसेल ते जमविण्याचा नाद होता. ह्याच बर्विकशायरात जेम्स हटन ह्यांची शेतीवाडी होती, आणि ह्याच परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, सिकार पॉइंट नावाच्या टोकाशी, १७८८ साली हटन ह्यांनी उभ्या थरांच्या दगडांवर आडव्या थरांचे दगड बसलेले पाहून असे अनुमान बांधिले होते की पृथ्वीचा कवच घडण्यास मनुष्याच्या कल्पनेपलीकडचा काळ लागला असला पाहिजे. सांप्रतचे भूशास्त्र ह्या पायावर उभे आहे. ज्या भूमीत हा विचार निघाला त्याच भूमीत आमचा हा गवंड्याचा मुलगा वाढला.

एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. एडिंबरो येथे डॉ. टॉमस चामर्स हे त्यांचे गुरू. येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे, कारण आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ कॅटेकिस्टांस ही शंका छळते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सहा दिवस सांगितले आहेत, आणि दगडांचे अभ्यासक कोटि कोटि वर्षे म्हणतात, हे जुळावे कसे? हा प्रश्न नवा नव्हे. चामर्स ह्यांनी १८१४ च्या सुमारासच असे प्रतिपादिले होते की पहिल्या वचनातील आरंभ आणि त्यापुढील दिवस ह्यांच्या मध्ये कितीही दीर्घ काळ गेला असे मानण्यास शास्त्रवचन आड येत नाही. ह्या अर्थाशी सर्व विद्वान सहमत झाले नाहीत. कोणी दिवस हा शब्दच दीर्घ काळाचा वाचक धरिला, व कोणी त्या अध्यायाचा हेतू दगडांचे वय सांगण्याचा नव्हेच असे म्हटले. आम्ही येथे ह्या वादात शिरत नाही. सांगावयाचे इतकेच की हिस्लॉप ज्या गुरूच्या हाताखाली शिकले तेथे डोंगराकडे भीतीने पाहण्याची रीत नव्हती.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडून फ्री चर्च निराळे झाले, तेव्हा हिस्लॉप फ्री चर्चात गेले. मद्रासच्या फौजेतील विल्यम हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने मोठी देणगी देऊन नागपुराकडे मिशन काढावे अशी इच्छा दर्शविली होती. त्या कामावर हिस्लॉप ह्यांची नेमणूक १८४४ साली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते जहाजाने मुंबईस उतरले व १८४५ च्या आरंभी नागपुराकडे पोहोचले. नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होते. इंग्रजांची छावणी जवळच कामठीस होती. नव्या मनुष्याने प्रथम जे करावे ते त्यांनी केले, म्हणजे मराठी शिकले. १८४६ साली त्यांनी शाळा घातली. १८४७ साली रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे सहकारी म्हणून आले. शाळा, बाजारातील उपदेश, हिवाळ्यातील खेडोपाडीचे दौरे आणि उन्हाळ्यातील ताप, ह्यांत दिवस जात. हे काम आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्याचे वर्णन लांबवीत नाही.

आता दगडांकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात आणिली पाहिजे, ती ही की हिस्लॉप ह्यांस मुंबईकडे ठेविले असते तर त्यांच्या हातून हे कार्य बहुधा झाले नसते. बेलापूर, नेरूळ, खारघर, पनवेल ह्या भागांतील आमचे वाचक आपल्या दारातून बाहेर पाहोत. पारसिकचा डोंगर काळ्या दगडाचा, खारघरचा डोंगर काळ्या दगडाचा, तुर्भ्याच्या खाणी काळ्या दगडाच्या. विमानतळासाठी उलव्याची जी टेकडी सुरुंग लावून सपाट केली, तीही त्याच दगडाची. गवंडी ह्यास काळा पाषाण म्हणतो, शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. भूमीस पडलेल्या भेगांतून तप्त रस बाहेर येऊन तो थरावर थर पसरला व निवून हा दगड झाला. आज सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश ह्या थरांखाली आहे, आणि त्यांचे वय सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षे ठरले आहे. हे थर सह्याद्रीत बहुतेक आडवे आहेत. पनवेलच्या आसमंतात मात्र ते समुद्राच्या बाजूस वाकलेले आहेत. माथेरानच्या माथ्यावर जी तांबडी भूमी दिसते तीही ह्याच दगडाची पावसाने कुजून झालेली जांभ्याची टोपी होय. तात्पर्य, नवी मुंबईच्या मुलास दगडांचा एकच कुळवंश दिसतो. तो दुसऱ्या कोणत्या दगडाशी ताडून पाहण्याची सोय त्यास नाही.

नागपूर ह्याच्या उलट आहे. काळ्या दगडाचा हा अफाट पसारा पूर्वेकडे जेथे विरळ होऊन संपतो, त्या काठावरच ते शहर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची. पण तिच्या पायथ्याशी आणि शहराच्या पूर्वेकडे अतिप्राचीन नाइस दगड लागतो, ज्यात पांढरे व काळे पट्टे एकाआड एक दिसतात. उत्तरेस कोराडीच्या टेकड्यांत संगमरवराच्या जातीचा दगड आहे. कामठी, सिलेवाडा, भरतवाडा येथे वाळूच्या दगडाच्या खाणी. म्हणजे शास्त्रज्ञ दगडांचे जे तीन मोठे वर्ग करितात ते तिन्ही एका दिवसाच्या वाटेत: पहिला अग्निजन्य, जो वितळून निवलेला; दुसरा जलजन्य अथवा थरांचा, जो पाण्यात गाळ बसून झालेला; तिसरा रूपांतरित, जो ह्या दोहोंपैकीच, पण भूमीच्या पोटात दाब व उष्णता सोसून पालटलेला. शाळा सुटल्यावर संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्या मनुष्यास ह्याहून अधिक काय पाहिजे?

हे वर्ग डोळ्यांनी कसे ओळखावे ते थोडे सांगतो, कारण त्या मुलास आम्ही हेच दाखविले. दगड नेहमी नवा फोडून पाहावा. बाहेरून ऊनपावसाने सर्वच दगड मळकट होतात. फोडलेल्या तोंडावर वाळूचे कण दिसून ते बोटाने चोळता सुटू लागले, किंवा थर पानांसारखे निघू लागले, तर तो गाळाचा. कण एकमेकांत घट्ट विणलेले असून पट्टे दिसत असतील तर बहुधा रूपांतरित. सर्व दगड काळसर, जड, बारीक पोताचा, आणि त्यात मधून मधून गोल अगर बदामाएवढ्या पोकळ्या असतील तर तो आपला काळा पाषाण. ह्या पोकळ्या म्हणजे तप्त रसात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे त्यांतून पाणी झिरपून झिरपून पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक जमतात. खाणीवरची माणसे ह्या सर्वांस सरसकट गारगोट्या म्हणतात, परंतु त्या एका जातीच्या नव्हेत. खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते आणि चाकूस दाद देत नाही. चुन्याचा स्फटिक चाकूने सहज कोरला जातो व आम्लाने फसफसतो. तिसरी एक जात झिओलाइट नावाची आहे. ती चाकूने कोरली जाते, पण फसफसत नाही, आणि तिचे स्फटिक पुष्कळदा मोराच्या पिसाऱ्यासारखे अगर सुयांच्या झुबक्यासारखे असतात. फ्रीड्रिख मोस नावाच्या जर्मन पंडिताने १८१२ साली कठीणपणाच्या दहा पायऱ्या लावून दिल्या. सर्वांत खाली शंखजिरे, सर्वांत वर हिरा. आपले नख अडीचच्या जवळपास, चुन्याचा स्फटिक तीनवर, चाकू साडेपाचच्या सुमारास, गारगोटी सातवर, पाचू त्याहून थोडा वर. रंगावर मात्र कधीही भरवसा ठेवू नये. रंग हा दगडाचा सर्वांत लबाड साक्षीदार आहे. त्या दलालाचा सारा व्यापार त्याच्याच भरवशावर चालला होता.

१८५१ साली हिस्लॉप व हंटर हे नागपुराच्या पश्चिमेस दोन-अडीच मैलांवर टाकळीकडील टेकड्यांत हिंडत असता, काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये एक पातळ, फिकट थर त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यात गोगलगाईचे शंख दिसले. शंख दगड झालेले, परंतु आकार जसाच्या तसा. हा शोध लहान दिसतो, पण विचार करा. वर एकदा वितळलेला दगड, खाली एकदा वितळलेला दगड, आणि मध्ये गोड्या पाण्यात राहणारा मऊ प्राणी! अग्नीच्या दोन पुरांच्या मधल्या अवकाशात तेथे तळे होते, तळ्याच्या काठी झाडे होती, त्यांवर भुंगे होते. हे कल्पनेने म्हणत नाही. त्या थरातून फळे, बिया, लाकूड आणि भुंग्यांच्या पाठीवरील कठीण पंखदेखील त्यांनी गोळा केले, व अँड्र्यू मरे नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८६० साली त्या पंखांचे वर्णन छापिले. असा मधला थर मुंबईतही आहे. वरळीच्या टेकडीतील अशाच थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले, आणि लंडनच्या रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. मुंबईतील सर्जन डॉ. कार्टर ह्यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या दगडांविषयी निबंध लिहिला. म्हणजे खाडीच्या पलीकडे बेडूक व विदर्भात गोगलगाय, ही दोन्ही एकाच इतिहासाची पाने होत.

टाकळीच्या शोधानंतर ह्या दोघा मिशनऱ्यांनी जेथे जेथे दौरा केला तेथे तेथे दगड पाहिले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे की त्यांस दगडांसाठी वेगळी सफर करण्याचा वेळ नव्हता. उपदेशाच्या वाटेवर जे लागे तेच त्यांचे क्षेत्र. सिलेवाडा व कामठीकडील वाळूच्या दगडात त्यांस पानांचे ठसे मिळाले. त्यांतील एक पान जिभेच्या आकाराचे असून त्याच्या मधल्या शिरेपासून जाळे पसरलेले असते. शास्त्रज्ञ त्यास ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. नागपुराच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मंगळी गावच्या तांबड्या दगडात बेडकाच्या कुळातील, पण मोठ्या व चपट्या डोक्याच्या एका प्राण्याची कवटी मिळाली. ती ओवेन ह्यांनी तपासून १८५५ साली तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. वरोड्याजवळ पिसदुरा येथे मोठ्या जनावरांची हाडे मिळाली. त्या काळी ती कोणाची हे नीट कळले नाही, परंतु त्याच ठिकाणी पुढे जे सापडले त्यावरून तेथे लांब मानेचे प्रचंड डायनोसॉर वावरत होते हे सिद्ध झाले आहे. १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूरच्या आसमंतातील दगड व अश्मीभूत जीव ह्यांवरील विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास हंटर ह्यांस प्रकृतीमुळे स्वदेशी परत जावे लागले. पुढे त्यांनी एक मोठा कोश रचिला. हिस्लॉप एकटे राहिले व एकट्याने काम चालविले.

त्या जिभेसारख्या पानाची कथा येथेच संपत नाही. तेच पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि बर्फाने झाकलेल्या दक्षिण ध्रुवाच्या भूमीतही सापडले. हिंदुस्थानच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे मेडलिकॉट ह्यांनी १८७२ साली ह्या थरांच्या मालिकेस गोंड लोकांच्या देशावरून गोंडवन असे नाव दिले. पुढे १८८५ साली ऑस्ट्रियातील पंडित एडुआर्ड झ्यूस ह्यांनी तेच नाव एका प्राचीन विशाल भूखंडास दिले. ते सर्व देश एके काळी एकमेकांस जोडलेले होते व मागाहून फुटून दूर सरकले, हे आज शाळेतील मुले शिकतात. आमच्या मध्यप्रांतातील गोंडांचे नाव येणेप्रमाणे जगाच्या नकाशावर गेले.

हिस्लॉप ह्यांची सर्व अनुमाने टिकली असे मात्र समजू नये. चरित्रलेखक बहुधा अशा गोष्टी गाळतात. आम्हांस त्या सांगितल्याच पाहिजेत असे वाटते. कोळशाच्या जवळचा तो पानांचा दगड त्यांनी जेवढा जुना मानिला त्याहून तो पुष्कळच जुना निघाला. टाकळीचे तळे त्यांनी अलीकडच्या युगातले ठरविले. ते डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांच्या सुमाराचे निघाले. आणि सर्वांत मोठी चूक त्या काळ्या दगडाविषयीच होती. त्यांचे मत असे होते की तळ्याचा गाळ आधी बसला, मग वरचा रस त्यावर पसरला, आणि खालचा काळा थर मागाहून पोटातून वर येऊन गाळाच्या खाली घुसला. सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी पुढे दूरवर पाहणी करून दाखविले की असे नव्हे. खालचा थर आधी, त्यावर तळे, त्यावर दुसरा थर, असा सरळ क्रम होता, आणि असे थर एकामागून एक कितीतरी वेळा पसरले. नागपुरास हे थर थोडेच आहेत, सह्याद्रीत त्यांची जाडी हजारो फूट. ज्याने काठच पाहिला त्यास मध्य कसा दिसावा? पण आम्हांस जे विशेष वाटते ते निराळेच आहे. हिस्लॉप ह्यांनी कोणत्या ठिकाणी, कोणत्या दगडावर कोणता दगड, कोणत्या थरात कोणता शंख, हे इतक्या काळजीने लिहून ठेविले होते की त्यांचे मत खोडून काढणाऱ्यांस त्यांच्याच टिपणांचा उपयोग झाला. जो पाहिलेले आणि मानलेले ह्यांची सरमिसळ करितो त्याचे मत खोटे ठरले म्हणजे त्याचे सर्वच लिखाण फुकट जाते. येथे तसे झाले नाही.

कोणी विचारील की ज्यास मंडळीने पैसे देऊन सुवार्तेसाठी पाठविले त्याने गोगलगाई गोळा करीत का फिरावे? प्रश्न रास्त आहे, व त्याचे उत्तर सर्वांस पटेलच असेही नाही. आम्ही इतकेच पाहतो की शाळेचे काम त्यांनी सोडले नाही. आणि जो मनुष्य दगड न्याहाळी तोच माणसांकडेही त्याच लक्षाने पाही. गोंड व इतर वन्य जातींच्या भाषांतील शब्द, त्यांच्या चालीरीती, त्यांची परंपरागत गीते हीही त्यांनी टिपून ठेविली. दगडांस जसे आपले नाव लावण्यापूर्वी ते कोठून आले हे विचारावे, तसे त्यांनी ह्या लोकांस विचारिले. १८५८ साली ते रजेवर स्वदेशी गेले, आणि त्या मुक्कामात टाकळीच्या थराविषयीचा आपला दुसरा मोठा निबंध त्यांनी सिद्धीस नेला; तो १८६० साली छापिला. त्यानंतर ते पुन्हा नागपुरास आले.

१८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हे नागपुराच्या दक्षिणेस बोरीकडे मुक्कामास होते. त्या बाजूस टाकळघाट गावाजवळ मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. प्राचीन लोक आपले मृत त्यांत पुरीत. तेथे उकरून पाहावे म्हणून मंडळी जमली होती, व हिस्लॉप ह्यांसारखा जाणता मनुष्य बरोबर असणे साहजिकच होते. दिवसभर खणणे झाले. संध्याकाळी ४ सप्टेंबर रोजी बाकीचे बोरीच्या मुक्कामी परतले. हिस्लॉप मागे राहिले, कारण टाकळघाटात एक शाळा होती आणि तिची परीक्षा घ्यावयाची होती. ते काम उरकून ते एकटेच घोड्यावर निघाले. वाटेतील जो ओढा सकाळी सहज ओलांडला होता तो पावसाने फुगला होता. अंधारात त्यांस पाण्याचा अंदाज आला नाही. घोडा रिकाम्या खोगिराने मुक्कामास आला तेव्हा सर्वांस कळले. मशाली घेऊन शोध केल्यावर त्यांचे शरीर पाण्यात मिळाले. चार दिवसांनी त्यांस सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयाची होती. नागपुरास त्यांचा दफनविधी झाला.

त्यांच्या कागदांत गोंडांविषयीची जी टिपणे राहिली होती ती टेंपल ह्यांनी संपादून १८६६ साली छापविली. त्यांची शाळा वाढत जाऊन १८८३ साली तिचे कॉलेज झाले, तेच नागपूरचे हिस्लॉप कॉलेज. त्यांनी विलायतेस पाठविलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात जपून ठेविलेले आहेत. टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात गेली आहे, व ज्या उतारावर शंख मिळाले तेथे घरे झाली आहेत.

राहिली हिरव्या दगडाची गोष्ट. टाकळीकडचा एक हिरवा स्फटिक डब्लिनचे प्राध्यापक रेव्हरंड सॅम्युएल हॉटन ह्यांनी १८५९ साली तपासून त्यास हिस्लॉपाइट असे नाव दिले, आणि नागपूरच्याच एका मातकट खनिजास हंटर ह्यांच्यावरून हंटराइट. पुढे असे आढळले की हिस्लॉपाइट हे स्वतंत्र खनिजच नव्हे. चुन्याचा साधा स्फटिक वाढत असता त्यात हिरव्या मातीचे कण अडकतात, एवढेच. आम्लात टाकिला तर चुना विरघळून जातो व हिरवी माती तळाशी राहते. हंटराइट हीही एक मातीच ठरली. खनिजांच्या मान्य यादीतून दोन्ही नावे गेली. तुर्भ्याच्या त्या मुलास हे सांगितले तेव्हा त्यास हिस्लॉपसाहेबांविषयी फार वाईट वाटले. आम्हांस मात्र असे वाटले की स्वतः हिस्लॉप ह्यांनी तो निर्णय आनंदाने मान्य केला असता. त्या गृहस्थांनी दलालास पैसे दिले नाहीत. खडा मुलाने परत नेला, आणि आता रविवारी तो येतो तेव्हा त्याच्या खिशात एक मोडका चाकू आणि दोनतीन नवे दगड असतात. मागच्या खेपेस त्याने पांढऱ्या सुयांचा एक झुबका आणिला होता. त्यावर लिंबू पिळून काही झाले नाही, तेव्हा तो कोणता हे त्याने आम्हांस न विचारता ओळखिले.